ठरल्या दराचं ताट : ‘रेस्टॉरंट वीक’ची वाटचाल आणि आपलं नागपूर

बुटीबोरीत ठरल्या दराच्या जेवणाचं कोणाला नवल नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातच तशी तरतूद होती. अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथं मालकानं कॅन्टीन चालवावं, असा नियम राज्य सरकारला करता येत असे, आणि त्या कॅन्टीनचे दर नफा न धरता ठरवायचे असत. त्यामुळे आमच्या एमआयडीसीत जेवणाची सुटी झाली की कूपन द्यायचं, ताट घ्यायचं आणि बसायचं. किती पैसे लागतील हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येत नाही.

हाच कामगार सुटीच्या दिवशी बायकोमुलांना घेऊन वर्धा रोडनं नागपुरात जातो आणि एखाद्या नावाजलेल्या हॉटेलच्या दाराशी थबकतो. खिशात पैसे नसतात असं नाही. बोनस झालेला असतो, लग्नाचा वाढदिवस असतो, मुलीला दहावीत चांगले गुण पडलेले असतात. पण आत गेल्यावर मेन्यूकार्डावर काय असेल, त्यातलं आपल्याला काय कळेल, चार माणसांचं बिल किती होईल आणि वर कर किती लागेल, याचा अंदाज नसतो. मग गाडी ओळखीच्या थाळीकडे किंवा सावजीकडे वळते. तिथंही जेवण उत्तमच मिळतं, यात शंका नाही. पण त्या दुसऱ्या दारामागं जे कसब आहे, ते बघायचं राहून जातं.

दाराशी थबकलेल्या या माणसासाठी जगात एक प्रथा उभी राहिली. वर्षातले मोजके दिवस शहरातल्या नामांकित रेस्टॉरंटांनी एकत्र यायचं, सगळ्यांनी एकच दर ठरवायचा, त्या दरात सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ आणि शेवटी गोड असं जेवण द्यायचं, आणि हे सगळं आधी जाहीर करायचं. या प्रथेला ‘रेस्टॉरंट वीक’ म्हणतात. तिची वाटचाल मुद्दाम लिहावीशी वाटते, कारण नागपूरला तिची गरज आहे असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात झाली न्यूयॉर्कमध्ये, जुलै १९९२ मध्ये. डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरणार होतं. बिल क्लिंटन यांच्या उमेदवारीवर शिक्कामोर्तब झालं ते हेच अधिवेशन. देशभरातून प्रतिनिधी आणि पत्रकार येणार, त्यांना शहराची चव दाखवावी, असा विचार दोन माणसांच्या मनात आला. एक टिम झगाट. ग्राहकांच्या मतांवरून रेस्टॉरंटांना गुण देणारी पुस्तिका ते आणि त्यांची पत्नी नीना १९७९ पासून काढत होते. दुसरे जो बॉम. ‘फोर सीझन्स’ आणि जागतिक व्यापार केंद्राच्या माथ्यावरचं ‘विंडोज ऑन द वर्ल्ड’ ही न्यूयॉर्कची गाजलेली रेस्टॉरंटं त्यांच्या कल्पनेतून उभी राहिली होती. दोघांनी मिळून चांगल्या रेस्टॉरंटांना एका गोष्टीसाठी राजी केलं: दुपारचं तीन पदार्थांचं जेवण १९ डॉलर ९२ सेंट्सला. साल १९९२ होतं, म्हणून १९.९२. दर लक्षात ठेवायला कोणाला कागद लागला नाही.

हे एकदाच व्हायचं होतं. पण अधिवेशनाच्या पाहुण्यांपेक्षा न्यूयॉर्ककरांनीच रांगा लावल्या. वर्षानुवर्षं ज्या दारावरून ते नुसते जात-येत होते, तिथं आत शिरायला त्यांना निमित्त मिळालं. पुढच्या वर्षी दर एका सेंटनं वाढून १९.९३ झाला आणि प्रथा सुरू राहिली. नंतर रात्रीचं जेवणही आलं, उन्हाळा आणि हिवाळा असे वर्षातून दोन हंगाम झाले, शहराच्या पर्यटन संस्थेनं कारभार हातात घेतला. दोन्ही हंगाम धंदा मंद असतानाचे आहेत: उन्हाळ्यात शहरातले लोक बाहेरगावी जातात, आणि नाताळ-नववर्षाचा खर्च करून जानेवारीत सगळे हात आखडतात.

भर हंगामात, गर्दी असताना, कोणीही दर उतरवत नाही, उतरवूही नये. रिकामं टेबल साठवून ठेवता येत नाही. मंगळवारी रात्री न भरलेली खुर्ची शनिवारी विकता येत नाही. जागेचं भाडं, आचाऱ्यांचा आणि वाढप्यांचा पगार, वीज हे सगळं टेबल भरो न भरो द्यावंच लागतं. चांगल्या रेस्टॉरंटात पदार्थाच्या किमतीतला साधारण तिसरा हिस्सा कच्च्या मालाचा धरतात. बाकीचा बहुतेक भाग या बांधील खर्चांचा आणि उरलाच तर नफ्याचा. म्हणून मंदीच्या दिवसांत दर उतरवूनही मालकाचं भागतं. त्यातून मेन्यू छोटा असला तर स्वयंपाकघराला आधीच तयारी करता येते, खरेदी नेमकी होते, नासाडी कमी होते. पाहुण्याला दर कळतो, मालकाला उद्या काय लागणार ते कळतं. दोघांची सोय एकाच गोष्टीत असल्यामुळे ही प्रथा तीस वर्षांहून जास्त टिकली.

ठरल्या दराचं ताट आपल्याकडे अमेरिकेहून आलं, असं मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्रातली शहरं खाणावळींवर वाढली. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस सुरू केलं. मुंबईत काळबादेवीला ठाकर भोजनालय १९४५ पासून गुजराती थाळी वाढतं आहे. गिरणगावात बायकांनी घरोघर चालवलेल्या खाणावळींनी हजारो गिरणी कामगारांना महिनेवारीवर जेवू घातलं, आणि त्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारची एक रुपयातली झुणका-भाकर, आणि २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी: दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात, एक वाटी वरण. हा सगळा ठरल्या दराचाच इतिहास आहे, आणि तो भुकेच्या बाजूनं लिहिला गेलेला आहे.

हंगामी ताटंही आपल्याकडे आहेत. एप्रिल-मे महिन्यात गावोगावच्या थाळीच्या हॉटेलांवर ‘अनलिमिटेड आमरस’ची पाटी लागते. हिवाळ्यात शेतावरच्या हुरडा पार्टीला माणशी दर ठरलेला असतो. आषाढी-श्रावणात उपवासाची थाळी निघते. यात एक मात्र सारखं आहे: जोर प्रमाणावर असतो. पोटभर वाढायचं, आग्रह करायचा, पुन्हा पुन्हा विचारायचं. विदर्भात तर पाहुणा ‘पुरे’ म्हणाला तरी वाढणारी बाई ऐकत नाही. या आग्रहाबद्दल मला अभिमान आहे. पण एखाद्या आचाऱ्यानं एका पदार्थावर दोन दिवस घेतलेली मेहनत, मोजकं वाढलेलं आणि नीट मांडलेलं ताट, यासाठी त्या पाटीत जागा नसते. ती जागा रेस्टॉरंट वीकनं करून दिली.

भारतात ही प्रथा रुजली मुंबईत, २०१० मध्ये. मंगल दलाल, नचिकेत शेट्ये आणि अझीम झैनुलभाई या तिघांनी ‘रेस्टॉरंट वीक इंडिया’ सुरू केलं. त्यातले शेट्ये स्वतः शेफ. तीन पदार्थांचं जेवण, माणशी एक हजार रुपये, कर वेगळा; आठवडाभर; जागा आधी राखून ठेवायची.

त्या वेळची मुंबई डोळ्यांसमोर आणली तर या हजार रुपयांचं महत्त्व कळतं. तोवर उंची जेवण म्हणजे पंचतारांकित हॉटेल, ही समजूत मोडायला नुकती सुरुवात झाली होती. राहुल आकेरकर यांनी १९९९ मध्ये कुलाब्याच्या एका गल्लीतल्या जुन्या बंगल्यात ‘इंडिगो’ सुरू केलं, आणि हॉटेलच्या इमारतीबाहेरही एखादा स्वतंत्र शेफ जगाच्या तोडीचं जेवण देऊ शकतो, हे शहराला दिसलं. पुढच्याच वर्षी वांद्र्याला ‘ऑलिव्ह’ आलं. दशकभरात अशा रेस्टॉरंटांची एक पिढी तयार झाली. त्यांची परीक्षणं वर्तमानपत्रांत येत, नावं लोकांच्या तोंडी होती, आणि तरी बहुसंख्य वाचक ती फक्त वाचत होते. आयटीत नवी नोकरी लागलेली मुलं, शिक्षक नवरा-बायको, निवृत्त बँक अधिकारी ही माणसं मुंबईत कमी नव्हती. त्यांच्या दृष्टीनं हजार रुपये काही थोडे नव्हते. पण ते ठरलेले होते. महिनाभर आधी बाजूला काढता येत होते. माझ्या मते या उपक्रमाचं सगळं मोल इथं आहे. स्वस्ताई ही त्यातली दुय्यम गोष्ट.

पुढे दिल्ली, बंगळुरू अशी शहरं जोडली गेली, एका मोठ्या बँकेचं प्रायोजकत्व मिळालं, वर्षातून एकाहून जास्त वेळा आठवडे होऊ लागले. दरही काळाप्रमाणे वाढला. शेफांनीही ते मनावर घेतलं. या आठवड्यासाठी खास मेन्यू लिहिले जाऊ लागले. काही ठिकाणी मात्र नेहमीच्या मेन्यूतले सगळ्यांत साधे पदार्थ निवडून वाढले, तिथं पाहुण्यांची निराशा झाली. ही तक्रार न्यूयॉर्कमध्येही जुनी आहे, आणि ती रास्तच आहे. पहिल्यांदा दारातून आत आलेल्या माणसाला तुम्ही तुमचं दुय्यम दाखवलंत, तर तो दुसऱ्यांदा कशाला येईल?

यानंतरचा टप्पा वाईट होता. मोबाइलवरच्या कंपन्यांनी हा विचार उचलला आणि त्यातला गाभा काढून टाकला. ठरलेला दर गेला, सवलत उरली. कुठं जेवणावर निम्मी सूट, कुठं एकावर एक फुकट. झोमॅटोनं २०१७ मध्ये भारतात ‘गोल्ड’ सभासदत्व आणलं. वर्षाची वर्गणी भरली की यादीतल्या रेस्टॉरंटात एका पदार्थावर दुसरा मोफत. आठवडाभराची प्रथा बाराही महिने चालू लागली. भर शनिवारी, पूर्ण दर देणारी गिऱ्हाइकं दारात असताना, रेस्टॉरंटांना टेबलं सवलतीत द्यावी लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये याचा स्फोट झाला. गुरुग्रामपासून सुरुवात होऊन देशभरातल्या शेकडो रेस्टॉरंटांनी अशा सवलत योजनांतून बाहेर पडण्याची मोहीम काढली. त्यांची राष्ट्रीय संघटना, नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया, त्यांच्या मागं उभी राहिली. कंपन्यांना अटी बदलाव्या लागल्या.

या भांडणात मी रेस्टॉरंटवाल्यांच्या बाजूचा आहे. न्यूयॉर्कच्या आणि मुंबईच्या आठवड्यात दर ठरवणारे रेस्टॉरंटवालेच होते, आपल्या मंदीचे दिवस त्यांनीच निवडले होते. सवलतीच्या काळात दर दुसऱ्यानं ठरवला आणि किंमत त्यांनी मोजली. शिवाय सवलतीची सवय लागलेला माणूस पदार्थाची किंमत विसरतो. त्याला चारशेचा पदार्थ दोनशेचाच वाटू लागतो, आणि मग आचारी तो दोनशेचाच करू लागतो.

सहा-सात महिन्यांत कोविड आला आणि सगळी भांडणं मिटली, कारण भांडायला काही उरलंच नाही. मार्च २०२० पासून महाराष्ट्रातल्या हॉटेलांत बसून जेवणं बंद झालं ते ५ ऑक्टोबरला निम्म्या क्षमतेनं सुरू झालं. आमच्या नागपुरात १५ मार्च २०२१ ला पुन्हा टाळेबंदी लागली, आणि पुढच्याच महिन्यात राज्यभर. कित्येक शटर उघडलीच नाहीत. त्याच वर्षीच्या जानेवारीत न्यूयॉर्कनं आपला आठवडा बंद पडू दिला नाही. जेवण घरी न्यायचं, दर २० डॉलर २१ सेंट्स. साल २०२१ म्हणून. १९९२ ची ती युक्ती शहराला सगळ्यांत बिकट हिवाळ्यात आठवली. मे २०२२ मध्ये स्विगीनं हॉटेलांत टेबल राखून देणारं ‘डाइनआउट’ विकत घेतलं. आज भारतात बाहेर जेवायच्या बहुतेक योजना मोबाइल कंपन्यांच्याच हातात आहेत.

आता नागपूरबद्दल.

नागपूरकडे काय नाही? कस्तुरचंद पार्कचे तर्री पोहे सगळ्यांना माहीत आहेत. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आलेलं सावजी आज महाराष्ट्रभर पोचलं आहे. शेफ विष्णू मनोहर यांनी एप्रिल २०१७ मध्ये इथंच सलग बावन्न तासांहून जास्त स्वयंपाक केला, ऑक्टोबर २०१८ मध्ये इथंच तीन हजार किलो खिचडी शिजवली, आणि त्यांच्या ‘विष्णूजी की रसोई’त ठरल्या दरात वऱ्हाडी जेवण मिळतं. म्हणजे आचारी आहेत, रसिक आहेत. वर्धा रोडवर आणि रामदासपेठेत मोठी हॉटेलं आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरांत शिकून आलेले तरुण शेफ आहेत, आणि त्यांतले कितीतरी याच मातीतले. शहराचा म्हणून असा एक आठवडा मात्र नाही.

आणि आमच्याकडे त्यासाठी काळही नेमका आहे. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. १९५३ च्या नागपूर करारानुसार मिळालेला हा मान. त्या दिवसांत हॉटेलांत खोली मिळत नाही. अधिवेशन संपलं की आमदार, सचिव, पत्रकार परत जातात. पाठोपाठ पौष लागतो. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे हॉटेलांचे हॉलही रिकामे. न्यूयॉर्कचा हिवाळी आठवडा ज्या कारणानं जानेवारीत येतो, तेच कारण आमच्याकडे पंचांगानं घालून दिलं आहे.

शिवाय जानेवारीतला विदर्भ म्हणजे खाण्याची चंगळ. तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. सोल्यांची आमटी, सोले-वांगी घरोघर होतात. ज्वारीचा हुरडा असतो, ओला हरभरा असतो, बोरं असतात. संत्र्याचा आंबिया बहार संपत आलेला आणि मृग बहार यायचा, अशा सांध्यावर बाजारात फळ असतंच. भिवापूरची नवी मिरची वाळवणात पडलेली असते. नागपुरी संत्र्याला आणि भिवापुरी मिरचीला, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. पण आमच्या मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूत त्यांना शोधावं लागतं. पनीर लबाबदार दिल्लीतही मिळतं. नागपूरच्या शेफनं सुरुवातीला सांबारवडी द्यावी, मग पाटोडीचा रस्सा आणि गोळा भात किंवा वरण-बट्टी, मांसाहार करणाऱ्याला मटण आणि मडक्यावरची लांब रोटी, शेवटी संत्र्याचं काही तरी ज्यात साखर कमी आणि संत्रं जास्त असेल. हे पदार्थ आमच्या घरात होतात. त्यांना शिकलेल्या हातानं नवं रूप दिलं, तर आम्ही ते पैसे देऊन आनंदानं खाऊ.

दोन गोष्टी मुंबईच्या अनुभवातून शिकायला हव्यात. पहिली कराची. २०१७ च्या नोव्हेंबरपासून साध्या रेस्टॉरंटात जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो, महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात अठरा. म्हणजे पाटीवर एकच दर असला तरी दोन ठिकाणची बिलं वेगळी होतात. शिवाय कुठं सेवा शुल्क जोडतात, जे परस्पर बिलात लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे. ठरल्या दराचा अर्थ ठरलेलं बिल असाच हवा. सगळं धरून जो आकडा होईल तो दारावर लिहावा. दुसरी गोष्ट मेन्यूच्या भाषेची. तो मराठीत असावा, हिंदीतही असावा. पदार्थात काय आहे, तिखट किती आहे, हे आत जाण्याआधी वाचता यावं. ज्यांना परकं वाटतं म्हणून ते येत नाहीत, त्यांच्यासाठीच हा आठवडा असतो.

आणि एक बुटीबोरीसाठी. नागपूरच्या मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्यात मिहानपासून आमच्या एमआयडीसीपर्यंतचा मार्ग आहे. तो सुरू होईल तेव्हा रात्रीचं जेवण करून परतणं सोपं होईल. तोवर आठवड्यात दुपारचं जेवणही ठेवावं, रविवारी आणि आमच्या साप्ताहिक सुटीच्या इतर वारीही. कारखान्यांतली सुटी एकाच दिवशी नसते. पहिल्या पाळीचा माणूस दुपारी मोकळा होतो. त्याच्यासाठी चार वाजेपर्यंत दार उघडं ठेवावं.

नागपूरच्या हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनांना माझी विनंती आहे. मोबाइल कंपनीची वाट पाहू नका, प्रायोजकाचीही नको. दहा-बारा हॉटेलांनी एकत्र बसून येत्या पौषातले सात दिवस निवडा, एक दर ठरवा, आपल्या सगळ्यांत चांगल्या आचाऱ्याला मेन्यू लिहायला सांगा आणि दिवाळीच्या आत तो जाहीर करा, म्हणजे आम्हाला बोनसमधून पैसे बाजूला काढता येतील. आणि बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर, उमरेडच्या वाचकांनो, असा आठवडा जाहीर झाला तर जागा आधी राखून ठेवा, राखली की नक्की जा, आणि जेवण आवडलं तर आचाऱ्याला बाहेर बोलावून तसं सांगा.